'हँगिंग ऑन द टेलिफोन' नक्की कुणाचं? चार गाण्यांची ईपी ३२ वर्षांनी का परतली?

फोनची रिंग वाजते आणि डेबी हॅरीचा आवाज सुरू होतो. 'हँगिंग ऑन द टेलिफोन' म्हटलं की ब्लाँडी हा अमेरिकी बँडच आठवतो. १९७८ मध्ये हे गाणं ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचलं. पण ते मूळचं ब्लाँडीचं नाहीच.

मग कुणाचं?

द नर्व्ह्ज या तिघांच्या बँडचं. जॅक ली गिटारवर, पीटर केस बासवर आणि पॉल कॉलिन्स ड्रम्सवर. सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या या तिघांनी १९७६ मध्ये मोठ्या कंपनीची वाट न पाहता पहिली ईपी स्वतःच काढली. ईपी म्हणजे सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा छोटी तबकडी. आपल्याकडे भावगीतांच्याही अशा छोट्या तबकड्या घरोघरी असायच्या.

यात गाणी चारच. दोन लीची, एक केसचं, एक कॉलिन्सचं. साठच्या दशकातली गोड चाल आणि धडाधड वाजणारी गिटार, म्हणजेच पॉवर पॉप. प्रत्येक गाणं साधारण दोन मिनिटांत खल्लास! पुढच्या वर्षी स्वतःच कार्यक्रम ठरवत त्यांनी अमेरिकाभर दौरा केला. १९७८ मध्ये बँड फुटला. त्याच वर्षी ब्लाँडीने त्यांचं गाणं हिट केलं.

पैसे कुणाला?

इथे खरी मेख आहे. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक लिहिण्याचा आणि दुसरा रेकॉर्डिंगचा. दुसऱ्या बँडने गाणं नव्याने गायलं, तर मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं. मूळ रेकॉर्डिंगवर वाजवणाऱ्यांना त्यातून काही मिळत नाही. हे गाणं एकट्या लीचं. ब्लाँडीचा फोन आला त्या दिवशी आपली वीज आणि फोन दोन्ही तोडले जाणार होते, असं त्याने नंतर सांगितलं होतं. म्हणजे तो तगला. पण तिघांनी मिळून केलेली तबकडी मात्र संग्राहकांपुरती उरली.

म्हणूनच २००८ मध्ये अलाइव्ह रेकॉर्ड्सने काढलेला 'वन वे तिकीट' हा संग्रह महत्त्वाचा. ईपीची चारही गाणी आणि जुनी अप्रकाशित रेकॉर्डिंग्ज त्यात एकत्र आली. अशा पुनर्प्रकाशनांना 'जुन्या आठवणींचा धंदा' म्हणून नाक मुरडलं जातं. अनेकदा ते योग्यही असतं. इथे मात्र नाही. गाजलेल्या आवृत्तीखाली मूळ रेकॉर्डिंग गाडलं गेलं असेल, तर ते सहज ऐकता येणं हाच त्या वादकांना मिळणारा न्याय.

एक तक्रार आहेच. जादा रेकॉर्डिंग्जच्या गर्दीत चार गाण्यांचा नेमकेपणा हरवतो. त्यामुळे आधी ती चारच सलग ऐकावीत. ली २०२३ मध्ये गेला, त्याचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. सुरुवात केसच्या 'व्हेन यू फाइंड आउट'पासून केली तरी चालेल.