बोटाला लावायचा चिमटा

परवा लॅबमध्ये पल्स ऑक्सिमीटरचं प्रॅक्टिकल झालं. ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी, ९४० चा इन्फ्रारेड, समोर फोटोडायोड. गुणोत्तर काढा, तक्त्यावरून टक्के वाचा. जर्नलवर सही झाली, संपलं!

माझ्या डोळ्यांसमोर मात्र २०२१ चा एप्रिल. आजोबा पलंगावर बसून धापा टाकतायत आणि चिमटा म्हणतोय ९५. ९४ च्या खाली गेलं तर हॉस्पिटल, असं तेव्हा सगळेच सांगायचे. आम्ही आजोबांपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवून अख्खी रात्र काढली. (ते वाचले. मशीनच चुकलं असं मी म्हणत नाही. गार बोटं, स्वस्तातलं मशीन, कारणं बरीच असतात.)

पण आजोबा चांगलेच काळे. आणि डिसेंबर २०२० मध्येच मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी छापलं होतं की चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्याही खाली, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा झालं आणि कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के वेळा. त्वचेतलं मेलॅनिनसुद्धा प्रकाश शोषतं ना! आणि तो तक्ता येतो कुठून? निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या रक्ताशी ताडून. अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या सूचनांप्रमाणे दहा माणसांत दोन गडद त्वचेची असली की भागायचं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, पण सिलॅबसमध्ये नाही." मागून आवाज आला, "ते अमेरिकेतलं गं, आपल्याकडे कुठे रेसिझम!" बोलणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या मुलाला अख्खं हॉस्टेल 'डांबर' म्हणतं. तोही हसला, नेहमीसारखा.

२०२१ मध्ये घरोघरी हा चिमटा होता आणि घरोघरी ऑनलाइन तास चालू होते. तेव्हा कुणी पाच मिनिटं यावर बोललं असतं, तर निदान आकडा सोडून माणसाकडे बघायचं सुचलं असतं. आता तरी बोला. वेगळं व्याख्यान नको, पोस्टर स्पर्धा तर नकोच. जर्नलमध्ये 'त्रुटींची कारणं' म्हणून आम्ही नेलपॉलिश लिहितो, बोट हलणं लिहितो. त्वचा कुणीच लिहीत नाही. ती एक ओळ वाढवा, आणि तक्ता कुणाच्या बोटांवर बनला ते व्हायव्हात विचारा.

सर हो म्हणाले तर पुढच्या बॅचसाठी ते पान मी लिहून देते. इंग्लिशमध्ये हं, घाबरू नका. माझं हे मराठी तपासताना रूममेटच्या पेनातली शाई संपलीय!