आधी थर्मोस्टॅट परत बसवा

मे महिन्यातल्या रविवारी संभाजीनगरहून वेरूळला निघालात, तर दौलताबादला अडकणारच. रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या जुन्या, अरुंद दरवाजातून जातो आणि दोन्ही बाजूंनी गाड्या तोंड घालून उभ्या असतात. तिथेच आमच्या १९८३च्या प्रीमियर पद्मिनीचा काटा लालमध्ये गेला. बॉनेटमधून वाफ. शेजारच्या एसी गाडीतून मोबाइल बाहेर आले. मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, भंगारात घाला!"

गाडी ढकलत रसवंतीपर्यंत नेली. रसवंतीवाल्याने रस देता देता उपायही दिला, "थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्या जीपचा कधीच काढला."

आमचाही कधीच काढला होता! पंधरा वर्षांपूर्वी, एका मिस्त्रीने, दहा मिनिटांत. माझं भांडण आहे ते याच दहा मिनिटांशी.

थर्मोस्टॅट म्हणजे काय? मेण भरलेली छोटी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी ऐंशीच्या वर गेलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते, हे खरं. पण मग ती बदलायची असते. अडकली की नाही हेही घरी कळतं: पातेल्यात पाणी उकळा, दोऱ्याने लटकवून आत सोडा, उघडते का बघा. हे न करता झडपच काढली, तर थंडीत इंजिन तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आतून झिजतं. बऱ्याच इंजिनांत तर बायपासची वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. तापू नये म्हणून केलेला उपाय भर उन्हात तापवतो.

आणि मूळ आजार तसाच राहतो. झडप काढल्यावर हिवाळाभर गाडी बरी वाटली. उन्हाळ्यात पुन्हा उकळली. मग बाबा डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवायला लागले. मग खुलताबादचा घाट टाळायला लागले. दर महाशिवरात्रीला वेरूळला जाणारा माणूस शेवटची सहा वर्षं गाडी फक्त भाजीमंडईपर्यंत न्यायचा, तीही काट्यावर नजर ठेवून. "जुनी झाली, तापणारच," म्हणायचे. कुणीतरी त्यांना हे पटवलं होतं, आणि मीही कधी विचारलं नाही की नक्की कधी तापते.

सगळी मेख त्याच प्रश्नात आहे. उभी असताना तापते आणि वेगात गार होते? मग हवा कमी पडतेय: पंखा बघा, पट्टा बघा. चढावर, वेगात तापते? मग पाणी फिरत नाही: रेडिएटर तुंबलाय किंवा खालचा होज आत चिपकतोय. इग्निशनचं टायमिंग मागे गेलं तरी इंजिन तापतं. इंजिन थंड असताना झाकण उघडून गाडी सुरू केली आणि पाण्यात सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. (तापलेल्या गाडीचं झाकण मात्र उघडू नका. माझ्या मनगटावर डाग आहे.)

आमची दोन्हीकडे तापायची, म्हणजे आजार दोन होते. पट्टा ढिला होता. आणि रेडिएटरचा वरचा टँक उघडल्यावर रेडिएटरवाले चाचा हसले, "बेटा, ये तो पूरा पत्थर है." कूलरच्या जाळीवर एका उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर चढतो, तो इथे नळ्यांत पंधरा वर्षं चढत होता. कूलंट महाग म्हणून आम्ही नळाला पाइप लावत होतो ना!

झाकणाची स्प्रिंगही मेली होती. हे झाकण कुणी मोजतच नाही. दौलताबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे साधं पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं. सात पौंड दाब धरणारं झाकण हाच आकडा ११०च्या आसपास नेतं. स्प्रिंग गेली की ही सगळी सवलत गेली.

मिस्त्रीला शिव्या देऊन मी सुटणार नाही. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे थांबली. टॅक्सी गेल्या तसे पार्टही आटले. शिवाय गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी हवी असते. पण मग याला 'देसी जुगाड' म्हणून मिरवू तरी नका. जुगाड म्हणजे नसलेल्या गोष्टीवाचून काम भागवणं. असलेली गोष्ट न तपासता फेकणं हा आळस आहे, आणि तो आपण कौतुकाने फॉरवर्ड करतो. रीलवरच्या 'रिस्टोरेशन'मध्येही तेच: नवा रंग, चकचकीत बंपर, किल्ल्यासमोर फोटो. रेडिएटर कुणी उघडून दाखवत नाही, कारण त्यातून निघतो चिखल.

नळ्यांतून सळई फिरवली, ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून गाळ धुतला, पट्टा, झाकण, कूलंट नवं. थर्मोस्टॅट मापाचा मिळायला तीन आठवडे लागले; तोही परत बसवला. जूनच्या पहिल्या रविवारी आई शेजारी बसली. दरवाजात पाऊण तास अडकलो. काटा मध्यावर. मग घाट चढलो, वेरूळला पोचलो. आईने विचारलं, "एवढंच होतं?"

वॉटर पंपाच्या सीलमधून आता थेंब गळतोय. सील मागवलंय.