‘मीं पाहिला’ एवढ्यानें भागत नाहीं

हल्लीं आमच्या सुशिक्षित पक्षिनिरीक्षक मंडळींत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. सुट्टीच्या दिवशीं पहाटे उठून, पदरमोड करून, दुर्बीण गळ्यांत अडकवून रान तुडवावें, जें दिसेल त्याची नोंद मोठ्या निष्ठेनें ‘ईबर्ड’सारख्या सार्वजनिक संग्रहाकडे धाडावी, आणि चार दिवसांनीं कोणा परीक्षकाचें पत्र यावें, “हा पक्षी आपण कशावरून ओळखलात?” ही कोणती उपकारांची फेड, असा ह्या मंडळींचा सवाल आहे. मध्यंतरीं एका निसर्गप्रेमी मंडळाच्या वार्षिक सभेंत एका वक्त्यांनीं तर ह्या तपासणीस ‘ज्ञानाच्या वेशीवरचें जकातनाकें’ म्हटलें, आणि सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला. कांहीं वर्षांपूर्वीं ती सभा भरती तर टाळ्या वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकहि असता. कारण हा राग मींहि अनुभवला आहे. तथापि तो राग चुकीचा, इतकेंच नव्हे तर घातक आहे, असें माझें आज स्पष्ट मत आहे.

आधीं ही तपासणी म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिसंशोधनशाळा व ऑडबन सोसायटी ह्यांनीं २००२ सालीं हा संग्रह सुरू केला. कोणत्या प्रदेशांत, कोणत्या महिन्यांत, कोणता पक्षी किती संख्येनें दिसणें संभवनीय आहे, ह्याच्या मर्यादा तेथें आंखलेल्या असतात. नोंद त्या मर्यादेबाहेर गेली कीं ती परीक्षकापुढें येते. तो वर्णन, छायाचित्र किंवा मुद्रित केलेला आवाज मागतो. पुरावा अपुरा वाटला तर ती सार्वजनिक आंकड्यांतून वगळतात. मात्र ती खोडून टाकीत नाहींत, निरीक्षकाच्या स्वतःच्या यादींत ती तशीच राहते. आणि हा परीक्षक कोणी पगारी अंमलदार नव्हे. बहुधा तोहि आपल्यासारखाच हौशी, फुकट राबणारा. जकातनाक्यावरचा नाकेदार फुकट बसल्याचें निदान माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

आतां माझी हकीकत. तोरणमाळच्या घाटांत एकदां सकाळीं अकराच्या सुमारास, लख्ख उन्हांत, सागाच्या उघड्या फांदीवर बसलेला पिंगळा मीं पाहिला. रानपिंगळा दिवसा वावरतो हें मीं वाचलें होतें. हा पिंगळा दिवसा बसला होता. तस्मात् हा रानपिंगळाच, असा माझा न्याय. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानें पेपरांत असा न्याय लावला असता तर मीं त्याचे गुण कापले असते. नोंद धाडली. परीक्षक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा निघाला. “सर, डोक्यावर ठिपके होते का? शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद होते कीं अरुंद?” असें त्यानें अत्यंत अदबीनें विचारलें. मी संतापलों. तीस वर्षें ज्यानें प्रश्न विचारले त्यालाच हा मुलगा प्रश्न विचारतो! दोन आठवडे मीं उत्तरच दिलें नाहीं.

ह्याच रानपिंगळ्याचा इतिहास त्या वेळीं मला ठाऊक असता, तर इतका ताठा मीं दाखविला नसता. १८७२ सालीं आजच्या छत्तीसगडांतील फुलझर भागांत ब्लूइट नांवाच्या गृहस्थांस हा पक्षी प्रथम मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं ॲलन ह्यूम ह्यांनीं (होय, काँग्रेसच्या स्थापनेंतले तेच ह्यूम) त्याचें वर्णन प्रसिद्ध करून ब्लूइट ह्यांचें नांव त्यास दिलें. पुढें जेम्स डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्यानें आमच्या खानदेशांत त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतरचा खरा नमुना एकहि नाहीं. परंतु कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन ह्यांच्या संग्रहांत एक नमुना होता. त्यावरची चिठ्ठी सांगे कीं तो १९१४ सालीं गुजरातेंत तापीकांठच्या मांडवीस मारलेला. कर्नलसाहेब म्हणजे बडें प्रस्थ. अरबस्तानांतील पक्ष्यांवर १९५४ सालीं भला थोरला ग्रंथ लिहिणारे. त्यांस कोण विचारणार, “साहेब, हा आपणच मारलात कशावरून?” ती चिठ्ठी अनेक दशकें पुस्तकांतून सुखानें नांदली, आणि पुढचे शोध निष्फळ ठरत गेले.

पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अखेर त्या नमुन्याची घडण बारकाईनें तपासली. तेव्हां निष्पन्न झालें तें हें: नमुना डेव्हिडसन ह्यांच्या हातचा, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, नव्यानें भरून व खोटी चिठ्ठी बांधून कर्नलनें आपला म्हणून मिरविलेला! कर्नलच्या संग्रहांतील इतरहि अनेक चिठ्ठ्या अशाच खोट्या ठरल्या. मग मांडवीचा नाद सोडून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणीं शोध झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळच्या रानांत रासमुसेन व तिच्या सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षें जो नामशेष समजला जात होता, तो आमच्याच महाराष्ट्रांत स्वस्थ बसून होता! एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत ती केवढी!

विलायतेंतलें आणखी एक उदाहरण थोडक्यांत सांगतों. १८९२ ते १९३० ह्या काळांत हेस्टिंग्ज गांवाच्या आसपास दुर्मिळ पक्ष्यांची नुसती लयलूट झाली. जॉन नेल्डर ह्या संख्याशास्त्रज्ञानें शेजारच्या प्रदेशांशीं त्या नोंदींची तुलना केली, आणि १९६२ सालीं ‘ब्रिटिश बर्ड्स’ मासिकांत त्यांचा फुगा फुटला. ब्रिटनच्या यादींतून २९ जाती-उपजाती एका फटक्यासरशीं उतरवाव्या लागल्या. त्यांतल्या बहुतेक पुढें खऱ्या नोंदींच्या बळावर परत आल्या, ही गोष्ट वेगळी.

ह्यावर आमचे वक्ते म्हणतील, आणि त्यांचें हें म्हणणें बिनतोड आहे असें त्यांस वाटेल, कीं तुमचे लबाड तर सगळे तज्ज्ञ आणि संग्राहक निघाले. गरीब हौशी माणसानें काय पाप केलें? मला तर हेंच माझ्या बाजूचें सर्वांत मोठें प्रमाण वाटतें. कर्नलला कोणीं विचारलें नाहीं तें त्याच्या लौकिकामुळें. तपासणी माणसाची नव्हे, नोंदीची व्हावयास हवी. आणि ती सर्वांचीच व्हावयास हवी. ज्याला पदवीमुळें किंवा पिकल्या केसांमुळें सूट मिळाली, तेथें घोटाळ्याची वाट मोकळी झाली. शिवाय लबाडी ही विरळाच. खरा शत्रु म्हणजे प्रामाणिक भ्रम. मी तोरणमाळास खोटें बोललों नव्हतों. जें पहावयाची इच्छा होती तें मीं पाहिलें, एवढेंच.

तपासणीमुळें नवें कांहीं उमटतच नाहीं, हा आक्षेप तर निखालस खोटा आहे. २०१४ सालीं मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यांत रानपिंगळा सांपडला. ठाऊक असलेल्या टापूपासून इतका दूर कीं ऐकणाऱ्यानें मान हलवावी. परंतु पुरावा होता, म्हणून तो मान्य झाला. त्याऐवजीं माझ्यासारख्यांच्या दहा बेछूट नोंदी आधींच यादींत शिरल्या असत्या, तर ह्या अकराव्या खऱ्या नोंदीकडे कोणीं ढुंकून तरी पाहिलें असतें काय?

आणि हा केवळ हौसेचा खेळ उरलेला नाहीं. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे; ९४२ जातींचा विचार त्यांत केला आहे. कोणता पक्षी घटतो आहे, कोणाकडे आधीं लक्ष द्यावें, हें त्यावरून सांगितलें जातें. पहाटे दारीं येणाऱ्या पिंगळा जोशाकडे आपण पुरावा मागत नाहीं. कारण त्याच्या बोलावर कोणी रान राखीत नाहीं. आमच्या बोलावर राखूं पाहतात.

परीक्षकांचे दोष मला दिसत नाहींत असें मात्र नाहीं. कित्येकदां उत्तर महिनोन् महिने येत नाहीं. येतें तें कधीं कधीं इतकें तुटक असतें कीं त्यापेक्षां मौन बरें. नोंद वगळली तर कां वगळली हें दोन ओळींत सांगणें हा निरीक्षकाचा हक्क आहे, मेहरबानी नव्हे. कारण न सांगतां नकार देणारा परीक्षक आमच्या वक्त्यांच्या हातीं आयतें कोलीत देतो. पण वैद्य फटकळ निघाला म्हणून नाडी पाहणेंच बंद करा, असें कोणी म्हणत नाहीं.

त्या दोन आठवड्यांनंतर, रागाचा भर ओसरल्यावर, सोबत आलेल्या भाच्याकडून मीं छायाचित्र मागवून घेतलें. मोठें करून पाहिलें. डोक्यावर दाट पांढरे ठिपके, अगदीं स्पष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या आवारांतल्या चिंचेवर रोज संध्याकाळीं कलकलाट करणारा, घरगुती म्हणावा असा साधा पिंगळा. नोंद मीं स्वतःच दुरुस्त केली व त्या तरुणास तसें कळविलें. उलट टपालीं त्याचें उत्तर आलें: “आभारी आहें, सर. सागावर बसला होता म्हणतां, तर झाडाची उंची साधारण किती होती?”