लुटुपुटूची संसद आणि खरी संसद

जगातील हजारो तरुण स्त्रीपुरुष आज आंतरजालावर काल्पनिक राष्ट्रे वसवून त्यांचा राज्यकारभार चालवीत आहेत. २००२ साली ऑस्ट्रेलियातील कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी आपल्या आगामी कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी ‘नेशनस्टेट्स’ नावाचा एक खेळ सुरू केला. त्या खेळातील राष्ट्रांचा स्वतःचा एक संघ आहे. त्याचे मूळ नाव ‘संयुक्त राष्ट्रे’ असेच होते. २००८ साली खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने हरकत घेतल्यामुळे ते ‘जागतिक सभा’ असे बदलावे लागले. या सभेची रीत मोठी शिस्तीची आहे. ठरावाचा मसुदा बहुधा आधी सर्वांपुढे चर्चेला ठेवला जातो, त्यातील शब्दाशब्दाचा कीस पाडला जातो, तो नियमांत बसतो की नाही हे पाहिले जाते आणि पुरेशा प्रतिनिधींची संमती मिळाली तरच तो मताला टाकला जातो. एकदा संमत झालेल्या ठरावात दुरुस्ती करता येत नाही. तो रद्द करून नवा आणावा लागतो. त्यामुळे मसुदा लिहितानाच प्रत्येकाला काळजी घ्यावी लागते. याच धर्तीवर ब्रिटिश पार्लमेंट आणि अमेरिकन काँग्रेस यांच्या प्रतिकृती उभारून पक्ष, निवडणुका, विधेयके आणि वादविवाद चालविणारे समूहही आहेत.

चळवळीत आयुष्य घालविलेल्या कार्यकर्त्याची यावर पहिली प्रतिक्रिया ‘पोरखेळ’ अशीच होण्याचा संभव आहे. परंतु ती उतावळेपणाची ठरेल. ज्या वयात राजकारणाविषयी तुच्छता बाळगणे हे शहाणपणाचे लक्षण समजले जाते, त्या वयात काही माणसे रात्री जागून एखाद्या व्याख्येत ‘आणि’ असावे की ‘किंवा’ यावर भांडत आहेत, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. शिवाय असा सराव आपल्या शासनालाही नवा नाही. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने विद्यार्थ्यांच्या अभिरूप संसदेची शिफारस केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत ही योजना सुरू झाली. पुढे ती केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि विद्यापीठे यांत पसरली. २०१९ च्या संविधान दिनी तिचे संकेतस्थळही निघाले. तेव्हा लुटुपुटूची संसद ही केवळ रिकामटेकड्यांची करमणूक नसून लोकशाहीच्या शिक्षणाचे एक मान्य साधन आहे. प्रश्न एवढाच की, ती काय शिकविते आणि काय शिकवू शकत नाही.

तिचा सर्वांत मोठा गुण असा की, तेथे युक्तिवादाने मत बदलू शकते. मसुद्यातील दोष कोणी दाखवून दिला तर मांडणारा तो दुरुस्त करतो, कारण पुढे मते मिळवायची असतात. कोणी कशाच्या बाजूने मत दिले हेही तेथे उघड राहते. वादविवाद या संस्थेचा पायाच मुळी हा आहे. ऐकणाऱ्याचे मत बदलण्याची शक्यता नसेल, तर उरते ते केवळ भाषण.

तिची मर्यादाही तितकीच मूलभूत आहे. या सभागृहात संमत झालेला कर कोणालाही भरावा लागत नाही. तेथील कायद्याने कोणाची नोकरी जात नाही, कोणी तुरुंगात जात नाही, कोणाच्या शेतावर जप्ती येत नाही. अर्थशास्त्राचा पहिला धडा असा की, साधने अपुरी असतात आणि एका गोष्टीवर खर्च केलेला रुपया दुसऱ्या गोष्टीला मिळत नाही. काल्पनिक राष्ट्राच्या अर्थमंत्र्याला ही टंचाई आकड्यांत भेटते. रेशनच्या दुकानापुढील रांगेत ती त्याला भेटत नाही. म्हणून तो एकाच बैठकीत सर्वांना मोफत शिक्षण, मोफत औषधे आणि करमाफीही देऊ शकतो. परिणामांची जबाबदारी नसलेली चर्चा माणसाला चतुर बनवील, पण गंभीर बनवीलच असे नाही.

या मर्यादेकडे बोट दाखवून खऱ्या संसदेने समाधान मानावे, अशी मात्र परिस्थिती नाही. कारण खरी संसद नेमक्या उलट्या दिशेने निघालेली आहे. खेळातल्या सभागृहात चर्चा आहे आणि परिणाम नाहीत; खऱ्या सभागृहात परिणाम आहेत आणि चर्चा आटत चालली आहे. पहिल्या लोकसभेच्या वर्षाला सरासरी १३५ बैठका होत. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत मिळून २७४ बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सुमारे ५५. चौदाव्या लोकसभेत ६० टक्के आणि पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे तपासणीसाठी गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. या संपूर्ण लोकसभेला उपाध्यक्षच नव्हता. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी लक्षावधी कोटी रुपयांच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत चर्चेवाचून, गिलोटिन लावून संमत करण्यात आल्या. कोणत्याही गावची ग्रामसभा आपला जमाखर्च असा संमत करू लागली, तर गटविकास अधिकारी तिला जाब विचारील.

या आकड्यांमागील माणसे पाहावयाची तर सप्टेंबर २०२० चे अधिवेशन पाहावे. २० सप्टेंबरला राज्यसभेत शेतीविषयक विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, ती मिळाली नाही. त्यामुळे कोट्यवधी शेतकऱ्यांच्या बाजारव्यवस्थेचा प्रश्न असताना कोणत्या सदस्याने कोणते मत दिले, याची नोंद इतिहासाला मिळालेली नाही. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, विरोधकांनी बहिष्कार घातला आणि त्या रिकाम्या बाकांसमोर २३ तारखेला तीन कामगार संहिता संमत झाल्या. पूर्वीच्या मसुद्यांची स्थायी समितीत छाननी झाली होती, हे खरे आहे. परंतु सुधारित विधेयके लोकसभेत मांडली गेली १९ तारखेला, आणि पाचव्या दिवशी दोन्ही सभागृहांतून ती पार झाली. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. एक आकडा खोडून दुसरा लिहिला गेला एवढेच; पण शंभर ते तीनशे कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यातील माणसाच्या पायाखालची जमीन त्या एका आकड्याने सरकली. या बदलाच्या बाजूने सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. लहान कारखाने मोठे होण्यास कचरतात, हा युक्तिवाद अर्थशास्त्रात जुना आहे आणि त्याला पुराव्याने उत्तर देता येते. ते उत्तर सभागृहात दिले जाणे हाच तर संसदेचा उपयोग होता.

शेतीचे कायदे पुढे वर्षभराच्या आंदोलनानंतर मागे घ्यावे लागले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करणारे विधेयकही दोन्ही सभागृहांत चर्चेविना संमत झाले. म्हणजे कायदा का केला हे जसे संसदेत नीट सांगितले गेले नाही, तसेच तो का मागे घेतला हेही सांगितले गेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तीन नव्या फौजदारी संहिता आल्या, त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झालेले होते.

याचा सर्व दोष एकाच पक्षाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते सत्याला धरून होणार नाही. सभागृह बंद पाडणे हे हत्यार सर्वच विरोधी पक्षांनी वापरले आहे. दुखणे त्याहून खोल आहे. १९६७ नंतरच्या ‘आयाराम-गयाराम’ राजकारणावर उपाय म्हणून १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. रोग खरा होता. पण औषध असे दिले गेले की, सरकारच्या अस्तित्वाशी संबंध नसलेल्या विधेयकावरही पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. ज्याचे मत आधीच ठरलेले आहे, त्याच्यापुढे युक्तिवाद कोणासाठी करावयाचा? अशासकीय विधेयकांची स्थितीही हेच सांगते. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात उतरली, आणि १९७० नंतर एकही नाही.

चर्चा आणि परिणाम एकत्र आले म्हणजे काय घडते, याची उदाहरणे समाजवादी चळवळीला परकी नाहीत. ऑगस्ट १९६३ मध्ये पहिल्या अविश्वास ठरावाच्या वेळी डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत सांगितले की, देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. त्या वादात कोणाचे गणित किती अचूक होते याची चर्चा अर्थशास्त्रज्ञ करीत राहतील; पण गरिबाच्या रोजच्या खर्चाचा हिशेब देशाच्या सर्वोच्च सभागृहात मांडावा लागला, हे त्या वादाचे फलित होते.

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा हे दुसरे उदाहरण. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात १९६५ साली केलेला लहानसा प्रयोग, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांचा अनुभव, मोर्चे, विधिमंडळातील चर्चा, आणि मग १९७७ चा कायदा, अशी त्याची वाट आहे. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यातील अर्थशास्त्र विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. नुसती हमी देऊन विधिमंडळ थांबले नाही. १९७५ सालीच व्यवसाय कर बसवून शहरातील पगारदाराकडून ग्रामीण मजुरासाठी पैसा उभा करण्यात आला. हक्क आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या गेल्या. काल्पनिक राष्ट्राच्या अर्थमंत्र्याला जे कधी करावे लागत नाही, ते हेच होय. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्यापुढे होता.

तरुण खेळातल्या संसदेकडे का वळतात, याचे एक उत्तर या राज्याच्या महाविद्यालयांतही सापडेल. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने ती तरतूद परत आणली. २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका मात्र पुढे ढकलण्यात आल्या. वसतिगृहाचे शुल्क, ग्रंथालयाच्या वेळा, खानावळीचे दर या आपल्या खऱ्या प्रश्नांवर ज्याला मत देता येत नाही, त्या विद्यार्थ्याला युवा संसदेच्या स्पर्धेत पाठ केलेले भाषण करून परराष्ट्रमंत्री होता येते आणि त्याबद्दल ढालही मिळते. निवडणुकांतील हिंसाचाराचे भय खोटे नव्हते. पण हिंसाचार होतो म्हणून मतदानच थांबवावयाचे, हा नियम देशाला लावला तर काय उरेल?

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध निष्क्रिय खेदाचा नाही. विधेयक मूळातून वाचण्याची, कलमाकलमाने दुरुस्ती सुचविण्याची, प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदविण्याची जी शिस्त ही मुले खेळ म्हणून पाळतात, ती खऱ्या विधेयकांना लावणे पक्षाच्या तालुका शाखांना अशक्य नाही. विधेयकांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे केंद्र सरकारचे धोरण २०१४ पासून कागदावर आहे. त्याला कायद्याचे बळ नाही आणि ते सर्रास डावलले जाते. जेथे मसुदा हाती येईल तेथे शाखेने एक दिवसाचे सभागृह भरवावे. एकाने मंत्र्याची बाजू प्रामाणिकपणे मांडावी, खर्चाचा आकडा आणि तो कोणाच्या खिशातून जाणार हे सांगावे. ज्यांच्यावर त्या कायद्याचा परिणाम होणार त्या कंत्राटी कामगाराला, अंगणवाडी सेविकेला, ऊसतोड मजुराला साक्षीसाठी बोलवावे. संमत झालेल्या दुरुस्त्या स्थानिक आमदार-खासदारांकडे लेखी पाठवाव्यात, आणि मतविभागणी मागून त्यांनी आपले मत नोंदविले की नाही हे गावात जाहीर करावे. ज्यांना मसुदे लिहिण्याची गोडी आंतरजालावर लागली आहे, त्या तरुणांना या कामी आवर्जून बोलवावे. त्यांच्यापाशी कौशल्य आहे. शाखेपाशी माणसे आणि त्यांचे प्रश्न आहेत.

पक्षांतरबंदी अविश्वास ठराव आणि अर्थविषयक विधेयकांपुरती मर्यादित करावी, प्रत्येक महत्त्वाचे विधेयक समितीकडे जाणे बंधनकारक व्हावे, आणि विद्यार्थी मंडळांच्या निवडणुका विनाविलंब घ्याव्यात, या तीन मागण्या त्यासोबत लावून धरल्या पाहिजेत. त्यांतील तिसरी तर राज्य सरकारच्या हाती आहे, आणि तिच्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही.