हरणाऱ्याला पहिला नंबर मिळत नाही! धंदा ‘पाडून नव्याने बांधण्याआधी’ हे वाचा



‘सर, दोन वर्षं झाली, धंदा चालत नाहीये. सगळं बंद करून नव्याने सुरुवात करू का?’ हा प्रश्न तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. यावर इंटरनेटवर एक टाळ्याखाऊ उत्तर मिळतं: ‘परतीची जहाजं जाळून टाका, झोकून द्या!’ माझं मत याच्या विरुद्ध आहे. ते मी आज बेसबॉलच्या उदाहरणाने सांगणार आहे. हो, बेसबॉल. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल, हिशोब कळला की पुरे.

शिकागोतला वाद

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. शिकागो व्हाइट सॉक्स हा त्यातला एक जुना संघ. २०२४ मध्ये हा संघ ४१ सामने जिंकला आणि १२१ हरला. १९०० नंतरच्या काळात एका हंगामात इतके सामने कुणीच हरलं नव्हतं. त्यात एकदा तर सलग २१ पराभव.

अशा वेळी चाहत्यांमध्ये एकच वाद रंगतो. एक गट म्हणतो, ‘सगळा संघ मोडा, चांगले खेळाडू विका, तरुण पोरं आणा, चार वर्षं हरू द्या, मग बघा.’ दुसरा गट म्हणतो, ‘आहे त्यात डागडुजी करा. इतकी वर्षं हरणारा संघ बघायला कोण येणार?’

आपल्या भाषेत सांगायचं तर एकाला रीडेव्हलपमेंट हवी आहे आणि दुसऱ्याला दुरुस्ती. पण रीडेव्हलपमेंटला सही करण्याआधी आपण बिल्डरला एक प्रश्न विचारतोच: इमारत उभी राहीपर्यंत आमचं भाडं कोण देणार? हाच प्रश्न लक्षात ठेवा.

‘पाडा आणि बांधा’ गटाचा हुकमी एक्का

या गटाचं आवडतं उदाहरण म्हणजे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. हा संघ २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने हरला. नव्या व्यवस्थापनाने महागडे खेळाडू विकले आणि पगाराचा खर्च लीगमध्ये सर्वांत खाली आणला. मग २०१७ मध्ये हाच संघ १०१ सामने जिंकून वर्ल्ड सिरीजचा विजेता ठरला.

हे यश पुढे डागाळलं. त्या हंगामात कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचं उघड झालं. २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, आणि जनरल मॅनेजर व प्रशिक्षक दोघांचीही नोकरी गेली. पण तो भाग बाजूला ठेवू. फक्त धंदा म्हणून बघितलं तरी या गोष्टीत तीन गोष्टी सांगायच्या राहून जातात.

एक: तिथे हरण्याचं बक्षीस होतं. नव्या खेळाडूंच्या निवडीला तिथे ड्राफ्ट म्हणतात. त्या काळी नियम असा होता की जो संघ सर्वांत जास्त हरेल, त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड. म्हणजे तळाला जाणं हीच एक गुंतवणूक होती! शिवाय राष्ट्रीय टीव्ही हक्कांच्या पैशातला वाटा हरणाऱ्यालाही मिळतो, आणि शेवटचा नंबर आला म्हणून लीगमधून कुणी हाकलत नाही. थोडक्यात, भाडं देणारा कुणीतरी होता.

दोन: पाया आधीपासूनच होता. विजेत्या संघाचा सर्वांत मोठा तारा होसे अल्टुव्हे. उंची जेमतेम साडेपाच फूट. व्हेनेझुएलातल्या चाचणीत त्याला उंचीवरून परत पाठवलं होतं, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाला. २००७ मध्ये अवघ्या १५,००० डॉलरवर त्याचा करार झाला. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू जॉर्ज स्प्रिंगर आणि प्रमुख गोलंदाजांपैकी एक डॅलस कायकल हेसुद्धा नवं व्यवस्थापन येण्याआधीच अ‍ॅस्ट्रोजकडे होते. नव्या लोकांनी कार्लोस कोरियासारखे मोहरे जरूर आणले. पण घर पूर्ण पाडलं नव्हतं, खांब उभे होते.

आणि जिथे पाडापाडीत घाई झाली, तिथे सोनंही फेकलं गेलं. मार्च २०१४ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने जे. डी. मार्टिनेझ या फलंदाजाला सोडून दिलं. त्याच वर्षी तो डेट्रॉइटकडून चमकला. उलट २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला मार्क अ‍ॅपेल अ‍ॅस्ट्रोजकडून मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

तीन: गिऱ्हाईक निघून गेलं. २००७ मध्ये ह्यूस्टनच्या मैदानात हंगामभरात ३० लाखांहून जास्त प्रेक्षक आले होते. २०१२ मध्ये ते सुमारे १६ लाखांवर आले. २०१३ मध्ये तर एका सामन्याचं स्थानिक टीव्ही रेटिंग चक्क ०.० नोंदलं गेलं. मोठ्या मालकाच्या खिशाला हे झेपलं. तुमच्या गल्ल्याला झेपेल का?

दोनदा पाडलेलं घर

आता शिकागोकडे परत येऊ, कारण यशोगाथेपेक्षा इथे शिकण्यासारखं जास्त आहे.

व्हाइट सॉक्सने डिसेंबर २०१६ मध्ये आपला सर्वोत्तम गोलंदाज क्रिस सेल बोस्टनला दिला आणि बदल्यात तरुण खेळाडू घेतले. पुढे असेच आणखी सौदे झाले. २०१८ मध्ये १०० पराभव सोसले. २०२१ मध्ये ९३ विजय मिळवून गटात पहिला नंबर आला. सगळे म्हणाले, जमलं!

पण २०२३ मध्ये पुन्हा १०१ पराभव झाले. वरच्या दोन्ही अधिकाऱ्यांना काढलं आणि पुन्हा विक्री सुरू झाली. २०२४ मध्ये काय झालं ते वर सांगितलंच आहे. त्याच २०२४ मध्ये सेल अटलांटाकडून खेळत होता आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम गोलंदाज ठरला.

यातली खरी मेख पुढे आहे. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून लीगने २०२३ पासून ड्राफ्टच्या वरच्या निवडींसाठी लॉटरी आणली. शिवाय उत्पन्नवाटपात पैसे भरणाऱ्या गटातल्या संघाला सलग दोन वर्षं लॉटरीतली निवड मिळत नाही. व्हाइट सॉक्सला २०२४ मध्ये ती मिळून गेली होती. त्यामुळे १२१ सामने हरूनही २०२५ मध्ये त्यांना मिळाला १० वा नंबर!

हरण्याचं दुःख पूर्ण, बक्षीस मात्र नाही. मित्रांनो, तुमच्या-माझ्या धंद्याचा नियम कायम हाच आहे. तुम्ही वर्षभर तोटा केला म्हणून बाजार तुम्हाला चांगली जागा, चांगला कारागीर किंवा स्वस्त कर्ज देत नाही. उलट बँकेत तुमचा सिबिल स्कोर खाली येतो आणि होलसेलवाला उधारी बंद करतो.

आणखी एक फरक. संघाला चाहते असतात. बाप हरणारा संघ बघतो, मुलगाही तोच बघतो. ग्राहक म्हणजे चाहता नव्हे. तुमचं शटर दोन महिने खाली राहिलं तर तो शेजारच्या दुकानात जातो आणि तिथलाच होऊन जातो.

मग करायचं काय?

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचं घरगुती फराळ आणि मसाल्यांचं युनिट आहे. १४ पदार्थ. महिन्याची विक्री १,२०,००० रुपये, एकूण खर्च १,३२,०००. म्हणजे दर महिन्याला १२,००० तोटा. घरात चर्चा सुरू: ‘बंद कर हे. दागिने गहाण ठेवून काहीतरी वेगळं करू.’

थांबा. आधी वही काढा आणि प्रत्येक पदार्थाचा वेगळा हिशोब मांडा. त्या पदार्थाची विक्री, आणि फक्त त्या पदार्थासाठी लागणारा कच्चा माल, गॅस, पॅकिंग, डिलिव्हरी.

समजा चित्र असं निघालं:

• गोडा मसाला, चकली, भाजणी, शेंगदाणा चटणी: विक्री ७८,०००, थेट खर्च ५०,०००. हातात उरले २८,०००.
• बाकीचे १० पदार्थ: विक्री ४२,०००, थेट खर्च ४४,०००. खिशातून गेले २,०००.
• भाडं, दोन बायकांचे पगार, कर्जाचा हप्ता, लाईट बिल: ३८,०००.

सगळं बंद केलंत तर काय होईल? ते २८,००० उद्यापासून बंद. पण कर्जाचा हप्ता चालूच, आणि जागेचा करार संपेपर्यंत भाडंही चालू.

फक्त ते १० पदार्थ बंद केलेत तर? तोटा लगेच १२,००० वरून १०,००० वर येतो. फरक छोटा वाटेल, पण आता तुमचे हात, शेगडी आणि पहाटेचे तास मोकळे झाले. चार पदार्थांच्या विक्रीत १०० रुपयांमागे साधारण ३६ रुपये उरतात. म्हणजे या चार पदार्थांची विक्री अंदाजे २८,००० रुपयांनी वाढली की तोटा शून्य! सोपं नाही हे, पण आता तुमच्यापुढे एक आकडा आहे. ‘धंदा चालत नाही’ या वाक्यापेक्षा आकडा कधीही बरा.

म्हणून माझे चार नियम:

१. आधी आपला अल्टुव्हे शोधा. तुमच्याकडे आत्ता असलेलं काय टिकाऊ आहे? एखादा पदार्थ, एखादा जुना ग्राहक, हात बसलेली एखादी कामगार बाई. कदाचित दिसायला तो भाग लहान असेल. त्याला धक्का लावू नका.

२. विकायचं ते किंमत असताना विका. ‘पाडा’ गटाचा हा मुद्दा मात्र मला शंभर टक्के पटतो. सहा महिने धूळ खाणारं मशीन आज विकलंत तर पैसे येतील. दोन वर्षांनी भंगारवाला वजनावर नेईल.

३. स्वस्तातलं गुण ओळखा. २००२ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सकडे पगारासाठी सुमारे ४ कोटी डॉलर होते, न्यूयॉर्क यँकीजकडे साधारण त्याच्या तिप्पट. ओकलंडने स्कॉट हॅटेबर्गला घेतलं. कोपराच्या दुखापतीमुळे त्याला आपली यष्टिरक्षकासारखी जुनी जागा सांभाळता येत नव्हती, पण बाद न होता बेसवर पोहोचण्यात तो तरबेज होता. त्याची जागा बदलली आणि खेळवला. त्या वर्षी संघाने सलग २० सामने जिंकले. ‘मनीबॉल’ सिनेमात ही गोष्ट आहे. सिनेमात फारसं न दिसणारी बाब म्हणजे मिगेल तेहादा आणि बॅरी झिटो हे त्या वर्षीचे लीगमधले सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम गोलंदाज ओकलंडचेच होते, आणि आधीपासून होते. पुन्हा तेच: खांब जपले, बाकीचं स्वस्तात बसवलं.

४. मुदत आधीच लिहून ठेवा. ‘सहा महिन्यांत तोटा अर्ध्यावर आला नाही तर बंद’ असं आजच तारखेसह लिहा आणि घरच्यांची सही घ्या. हो, घरच्यांची. कारण दागिने त्यांचे आहेत.

आणि कधी पाडायचंच? तुमचा सर्वांत चांगला पदार्थसुद्धा थेट खर्च भागवत नसेल, आणि दर वाढवून किंवा खर्च कमी करूनही भागणार नसेल, तर तिथे खांबच नाहीत. मग सहा महिनेही वाट बघू नका. देणी मिटवा, शांतपणे बंद करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

पण खांब असताना इमारत पाडू नका. जहाजं जाळा म्हणणाऱ्याचं जहाज बहुतेक वेळा किनाऱ्यावर सुरक्षित बांधलेलं असतं. हप्ता तुमच्या खात्यातून जातो, त्याच्या नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या प्रत्येक पदार्थाचा किंवा सेवेचा वरच्यासारखा हिशोब मांडा. तुमचा अल्टुव्हे कोण निघाला आणि काय बंद करावं लागणार, हे कमेंटमध्ये लिहा. आकडे सांगायचे नसतील तर नका सांगू, पण वहीत नक्की लिहा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!