आधी बारीक हो, मग ये!

परवा सकाळी गच्चीवर लेकीचा गी वाळत घालत होते. गी म्हणजे जिऊ-जित्सूचा पोशाख, जाड दणकट सुती कापडाचा सदरा आणि पायजमा. ओला झाला की बादलीतून उचलताना माझ्या मनगटांची परीक्षाच! दोन चिमट्यांनी भागत नाही, सहा लागतात. शेजारच्या वहिनींनी पलीकडून विचारलं, "नातवाचा कराटेचा ड्रेस का हो?" म्हटलं, "नाही, लेकीचा." वहिनी क्षणभर गप्प झाल्या. माझी लेक ४१ वर्षांची आहे आणि तिचं वजन ९६ किलो आहे. हे आमच्या सोसायटीत कुणाला सांगावं लागत नाही. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं, तेवढंच वजन उतरेल."

या 'तेवढंच'बद्दल आज लिहायचं आहे.

वहिनींना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये लेकीने जेवताना सांगितलं, "आई, मी जिऊ-जित्सूच्या क्लासला नाव घालतेय," तेव्हा मी काय म्हटलं असेल? "अगं, आधी दहा किलो तरी कमी कर, मग जा. नाहीतर हसं होईल." तिने आमटी वाढून घेतली आणि शांतपणे म्हणाली, "आई, हे मी सातवीपासून ऐकतेय."

मला त्या रात्री झोप लागली नाही. लेकीच्या सातवीबरोबर आणखी एक सातवी आठवली.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. खेळाचे सर रजेवर असले की तो तास माझ्याकडे यायचा. वर्गात एक अंगाने थोराड मुलगी होती. खो-खोचे गट पाडताना तिला कुणीच घ्यायचं नाही. मग मी म्हणायची, "तू इकडे ये गं, सगळ्यांच्या चपला सांभाळ आणि गुण मांड." माझ्या मते ती माझी माया होती, पोरीचा अपमान टळला! काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ती भेटली. आता तिच्याच मुली कॉलेजात आहेत. हसत म्हणाली, "बाई, खो-खोचे सगळे नियम मला अजून पाठ आहेत. खेळायला मात्र एकदाही मिळालं नाही." ती हसली म्हणून मीही हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही.

असो. लेक क्लासला गेलीच. पहिल्या आठवड्यातल्या अडचणी तिने सांगितल्या त्या अशा. क्लासमधला उसना गी पुढून जुळेना. पट्टा कसाबसा गाठीपुरता पुरला. कोलांटी घ्यायची तर पोट मध्ये येई. गुडघ्यांवर बसवेना. आणि सगळ्यात अवघड म्हणजे उठणं. तासाभरात तीसदा जमिनीवर जायचं आणि तीसदा उठायचं. बारीक माणसाला यात काही वाटत नाही. ९६ किलो घेऊन तीसदा उठून बघा म्हणजे कळेल.

महिन्याभराने मी बघायला गेले. खरं सांगायचं तर बघायला नव्हे, हेरगिरी करायला. बाप्ये आणि बायका एकाच गादीवर झटापट करतात म्हणे, हे मनाला पटत नव्हतं. कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सुरुवातीला सगळे आडवे पडून, कुशीवर वळून, पायाने जमीन ढकलत कंबर मागे नेत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकू लागले. या हालचालीला ते चक्क 'कोळंबी' म्हणतात! वरच्या माणसाखालून निसटायचं असेल तर हीच हालचाल कामी येते. बाकीच्यांच्या दोन फेऱ्या झाल्या तेव्हा माझी लेक अर्ध्यावर होती, लालबुंद. मी खाली बघितलं. आता कुणीतरी काहीतरी बोलणार याची मला खात्री होती, कारण त्यांच्या जागी मी बोलले असते.

शिकवणारा मुलगा पंचविशीतला. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "ताई, अर्धाच हॉल करा, पण खांदा वळवून करा." बस्, एवढंच. 'चपला सांभाळा' म्हणाला नाही. मी चौतीस वर्षं शिकवलं, पण हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

स्त्री-पुरुषांच्या शंकेचंही उत्तर तिथेच मिळालं. जोडी लावताना प्रत्येकाला विचारतात, नको असेल तर नाही म्हणता येतं, आणि त्या 'नाही'चं कारण कुणी विचारत नाही.

आता या विद्येबद्दल थोडं सांगते, मास्तरणीची खोड जात नाही. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुन्या जुजुत्सूतून ज्युदो उभा केला. त्यांच्या कोदोकान संस्थेत तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोचले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि पुढे ग्रेसी भावांनी जमिनीवरच्या डावांवर भर देत ही विद्या आपल्या पद्धतीने वाढवली. धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होता. 'जू' या जपानी शब्दाचा अर्थ मऊ, नमतं घेणारा. लहान माणूस मोठ्याला आवरू शकतो, हीच या विद्येची सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट. १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेत एलिओचा मुलगा रॉयस आणि कुस्तीगीर डॅन सेव्हर्न यांची लढत झाली. सेव्हर्न वजनाने कितीतरी भारी, बहुतेक वेळ तोच वर. खाली पाठीवर पडलेल्या रॉयसने पंधरा मिनिटांनंतर पायांचा त्रिकोण करून त्याची मान अडकवली आणि सेव्हर्नने हार मानली.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, तालमी बघत वाढलो. आमच्याकडे पाठ टेकली की कुस्ती निकाली, खालचा चीतपट. इथे मात्र पाठ टेकल्यावर खरी सुरुवात होते, याची मला फार गंमत वाटली.

पण गोष्ट ऐकताना एक खटकलंही. या गोष्टीत मोठ्या देहाला कामच काय? हरायचं! लहानाची हुशारी सिद्ध व्हावी म्हणून थोराडाने आडवं व्हायचं, आपल्या गोष्टीतल्या राक्षसासारखं. लेकीला विचारलं, "मग तू तिथे राक्षस का?" ती हसली. म्हणाली, "पहिले दोन महिने होतेच." कुणाला खाली घेतलं की ती नुसती अंगावर पडून राहायची. खालची मुलगी हलूच शकायची नाही. लेकीला वाटायचं जिंकलो, पण तिला एकही डाव येत नव्हता. मग एका जुन्या विद्यार्थिनीने तिला समजावलं, की वजन असणं वेगळं आणि वजन कुठे ठेवायचं ते कळणं वेगळं. समोरची बावन्न किलोची असेल तर धपकन पडायचं नाही, आधी हात-गुडघे टेकून आपला भार आपणच पेलायचा. नाहीतर तिची बरगडी जाईल. आणि शिकायचं असेल तर मुद्दाम खाली जायचं. लेक आता निम्मा वेळ खालून सराव करते. छातीवर कुणी मांड ठोकून बसलं की सुरुवातीला तिचा जीव घाबरा व्हायचा, आता श्वास सावकाश घेत कोळंबी करते. आपल्या अंगाचा दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून ती जन्मभर अंग चोरून बसत आली होती, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. तेच अंग कसं वापरायचं हे तिला पहिल्यांदा कुणीतरी शिकवतंय.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की 'आधी बारीक हो, मग ये' हा सल्ला उलटा आहे. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस, असं सांगण्यातलाच हा प्रकार. ज्या मुलांना हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच आपण चपलांपाशी बसवतो आणि वर म्हणतो, ही हलतच नाहीत!

याचा अर्थ वजनाने काही होत नाही असं मी म्हणत नाही. गुडघे खोटं बोलत नाहीत. लेकीने आधी रक्तदाब तपासून घेतला, गुडघे दाखवले, डॉक्टरांनी मोकळीक दिली तेव्हाच गेली. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर तेवढं करावं. आणि क्लास पारखून घ्यावा. पहिल्याच दिवशी थांबायचं कसं ते शिकवतात का, दम लागल्यावर कडेला बसू देतात का, जोडी विचार करून लावतात का, हे बघावं. नुसतं घाम गाळायला लावणारे पुष्कळ असतात. स्पर्धांमध्येही थोर देहाला जागा आहे बरं का. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बायकांचा सर्वांत वरचा गट ७९.३ किलोंच्या पुढे सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादाच नाही. लेकीला स्पर्धेत उतरायचं नाही, पण हे ऐकून मला उगीच बरं वाटलं.

वजन किती उतरलं, हे नातेवाईक फोनवर हमखास विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकते. वर्षभरात चार किलो, त्यातला एक दिवाळीत परत आला. आणि काय मिळालं? ती आता जमिनीवरून हात न धरता उठते. वर्षभर पांढऱ्याच पट्ट्यावर आहे आणि त्याची तिला घाई नाही.

थांबण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून संपवते. जिऊ-जित्सूत डाव पक्का बसला, आता सहन होत नाही, असं वाटलं की समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर हाताने दोन-तीनदा थापटायचं. याला 'टॅप' म्हणतात. थाप पडली की समोरच्याने तत्क्षणी सोडायचं. का, कशाला, अजून थोडं सोस, असं काही म्हणायचं नाही.

गेल्या रविवारी जेवताना लेकीने दुसऱ्यांदा भात घेतला. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "अगं, आता पुरे की..., एवढी मेहनत करतेस आणि..."

तिने टेबलावर दोनदा थाप मारली.

मी मुकाट्याने तुपाची वाटी तिच्याकडे सरकवली.