‘इतर’ नावाचं कॉलेज

गेल्या उन्हाळ्यात फैजपूरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला उभा होतो. पुढे एक इंजिनिअर झालेला मुलगा पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचा फॉर्म भरत होता. नाव, जन्मतारीख, दहावी-बारावीचे टक्के झाले आणि ‘महाविद्यालय’ या रकान्यापाशी गाडी अडली. तिथे यादी उघडत होती. त्याने ती दोनदा खालवर फिरवली. मग सगळ्यात तळाशी असलेलं ‘इतर’ निवडलं. दुकानदार म्हणाला, “अरे, नाव टाक ना कॉलेजचं.” टाकायला जागाच नव्हती. पैसे देऊन तो बाहेरच्या गाडीवर रस प्यायला थांबला. ग्लास संपायच्या आत फोनवर नकार हजर. एवढ्या वेळात तो अर्ज एखाद्या माणसाने वाचला, असं कोणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही.

आणि अशाच कंपन्यांचे लोक परिषदांमधून सांगतात, की देशात टॅलेंटचा दुष्काळ आहे.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. पहिला मुद्दा असा, की एका जागेसाठी हजारो अर्ज येतात, चाळणी लावल्याशिवाय भागत नाही आणि आयआयटीची चाळणी सरकारने फुकट लावून दिलेली आहे. दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. गावाकडच्या कॉलेजांत शिकवतात काय? जर्नलं उतरवून काढायची, प्रयोगशाळेचं कुलूप तपासणी समिती आली की उघडायचं. हे मी नाकारत नाही. 1983 साली राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्या लाटेत फैजपूरलाही असं कॉलेज आलं आणि पुढे महाराष्ट्रभर अशी कॉलेजं इतकी झाली, की शिकवणारे कमी पडले. नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या 2005 च्या अहवालाने आपल्या इंजिनिअरांपैकी साधारण चौथा हिस्साच मोठ्या कंपन्यांत लगेच घेण्याजोगा असल्याचं म्हटलं होतं. तो आकडा आजही तोंडावर फेकला जातो.

ठीक. मग तो चौथा हिस्सा कुठे आहे? चारातला एक कामाचा असेल, तर तो शोधायला चारही पाहावे लागतात. तुम्ही एकाच अंगणात वाकून बघता आणि गावात धान्य नाही म्हणून ओरडता. याला टंचाई म्हणत नाहीत.

चाळणीचंही पाहू. प्रवेश परीक्षा अवघड असते, यात वाद नाही. पण ती मोजते सतरा-अठराव्या वर्षी मुलाला काय येत होतं ते, आणि त्यातही बापाला दोन वर्षं कोटा किंवा लातूर परवडलं का, हे बेमालूम मिसळलेलं असतं. नोकरी तुम्ही देता बाविसाव्या वर्षी. मधल्या चार वर्षांचं माप कोणी घेतलं? घरच्यांनी “जवळचंच कॉलेज बघ, एसटीने जा-ये कर” म्हणून सांगितलेली मुलगी त्या चाळणीपर्यंत पोचलेलीच नसते. ती गळली असं म्हणणं म्हणजे जी परीक्षेला बसलीच नाही, तिला नापास करणं.

नावाजलेल्या कॉलेजमुळे माणूस घडतो, की घडणारा माणूसच तिथे जातो, हा प्रश्न अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी तपासला. 2002 मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की तोलामोलाच्या कॉलेजांत प्रवेश मिळालेली पण कमी चढाओढीच्या कॉलेजात शिकलेली मुलं पुढे कमाईत साधारण बरोबरीची निघाली. एक अपवाद त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवला: गरीब घरच्या मुलांना नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झाला. हा अपवाद माझ्या विरोधकांना आवडेल, पण तो माझ्याच बाजूचा आहे. ज्याला ओळखीपाळखी नाहीत त्यालाच नावाचा उपयोग जास्त, आणि तुम्ही नावाशिवाय दार बंद करता तेही नेमकं त्याचंच.

आता मला काय हवं आहे ते सांगतो. राखीव जागा नको, कनवाळूपणा तर नकोच. आमच्याकडे केळी घेणारा व्यापारी जे करतो तेवढं करा. तो बागेत उतरतो. मृगबाग आहे की कांदेबाग ते बघतो, घडाला हात लावतो, फण्या मोजतो, दांडा बघतो. शेतकऱ्याचं आडनाव विचारून भाव फोडत नाही. (वजनात तो काय करतो हा वेगळा लेख होईल.) माल न बघता सौदा करणाऱ्याला आमच्याकडे व्यापारी म्हणत नाहीत.

असं करणारे आहेत. झोहो कंपनीने 2005 च्या आसपास स्वतःचीच शाळा काढली. बारावी आणि पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवायचं आणि कामाला घ्यायचं. गंमत म्हणजे हे करणारे श्रीधर वेम्बू स्वतः आयआयटी मद्रासचे आणि प्रिन्स्टनचे पीएचडी. बिल्ल्याची किंमत बिल्लेवाल्यालाच नेमकी कळत असावी. शाळा काढायची ऐपत नसेल, तर 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहेच. 1973 च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअरही आले. किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. वर्षभर काम बघून माणूस पारखायची सोय यापेक्षा स्वस्त कुठे मिळणार?

“पण एवढ्या आडगावात यायचं कोणी?” हा शेवटचा आक्षेप. फैजपूरला तो नवा नाही. काँग्रेसची अधिवेशनं 1936 पर्यंत शहरांत भरत. खेड्यात हा पसारा झेपेल का, ही शंका तेव्हाही होती. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो झेपवला. 27 आणि 28 डिसेंबर 1936 ला नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन इथे भरलं. त्यानंतर 1938 चं हरिपुऱ्याला, तेही खेड्यातच. कोणी म्हणेल, सजावटीला चित्रकार नंदलाल बोस तर शांतिनिकेतनाहूनच आणावे लागले ना? आणले, आणि त्यात कमीपणा काही नव्हता. ते आले, इथे काय मिळतं ते पाहिलं आणि बांबूसारख्या साध्या सामानातून नगर सजवलं. शहरातून सामान येईपर्यंत काम थांबलं, असं झालं नाही. बाहेरच्या जाणकाराने येऊच नये, असं मी कुठे म्हणतोय? त्याने यावं आणि बघावं.

भरती करणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. पुढच्या फॉर्ममधून कॉलेजांची ती यादी काढा आणि त्या जागी तासाभराचं खरं काम ठेवा. तपासताना नाव झाका. मग निवडलेल्यांत तुमच्या यादीतलीच कॉलेजं आली तर मी हा लेख मागे घेईन. आणि प्रत्यक्ष यायचं असेल तर भुसावळला उतरा. मुंबईहून रात्री बसलं की सकाळी पोचता येतं. पुढे फैजपूरला एसटी आहे.